नाही म्हणायची तालीम

“सकाळच्या पारी ह्यो घसा खाकरायचा धंदा काढलाय. कोन आजारी हाय का काय त्या घरात, जरा सांगावं तरी मानसानं!”

बनुबाई हे भिंतीला म्हणाल्या. माधवनगरच्या त्या चाळीत दोन घरांमधली भिंत इतकी पातळ होती, की भिंतीला सांगितलेलं शेजाऱ्याला सांगितल्यासारखंच.

पलीकडं आम्रपालीनं कानातली वायर काढली.

“आजारी न्हाई मावशी. फ्रेंच शिकतीय. कॅनडाला जायचं म्हणून.”

“जायाचं तर इमानानं जा की बाई. घशानं कशाला जातीस?”

आम्रपाली हसली आणि पुन्हा खाकरायला लागली. त्या भाषेतला ‘र’ घशाच्या तळातून उपसावा लागतो. मोबाईलमधल्या पुण्याच्या मॅडमना तो बसल्या जागी यायचा. आम्रपालीला मात्र ड्यूटीला जाण्याआधी रोज नव्यानं विहीर खणावी लागायची.

सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात ती डायलिसिसची नर्स होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी-तिघी पोरी परदेशी गेल्या होत्या. बर्फात उभ्या राहून, लाल नाकाचे फोटो पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, ‘सिस्टर, तुम्ही कधी?’ कॅनडावाल्यांचा हिशोब सरळ आहे. वय, शिक्षण, अनुभव, भाषा, सगळ्याला गुण. तिशी ओलांडली की दर वाढदिवसाला वयाचे गुण कमी होतात. आपल्याकडं नर्स वयानं मुरत जाते, तिथं उतरत जाते. आम्रपालीच्या वयाला आता फक्त एकच औषध उरलं होतं, आणि ते फ्रेंच होतं. ती बऱ्यापैकी आली की गुणांची सगळी तूट भरून निघत होती.

ही बातमी तिच्या भावानं, कुणालनं आणली. तो साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याच्या कारखान्यातला एक वेल्डर फ्रेंचच्या जोरावर बायकोपोरांसकट गेला, म्हणून कुणालनंही क्लास लावला आणि पंधरा दिवसांत सोडला. “तोंडाची कसरत आपल्या खानदानात न्हाई,” असं म्हणून त्यानं भरलेली फी बहिणीच्या नावावर करून दिली.

खानदानाबद्दल त्याचं चुकलं होतं. तोंडाची कसरत त्या खानदानात पिढीजात होती.

त्यांचे वडील सोपान हे यंत्रमागाच्या शेडवर जॉबर. माग बिघडला की तो चालता करून देणारा माणूस. काम सुटून बरीच वर्षं झाली तरी चाळीत त्यांना अजून ‘जॉबर’च म्हणत. आई अंजना त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. सगळे माग एकदम सुरू झाले की तिथं स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. ओरडायचा तो नवखा. जुनी माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा शेडच्या त्या टोकावरून वाचतो. सोपान आणि अंजनाचं लग्न ठरल्यानंतरचं सगळं बोलणं असंच झालं. मुकादमासमोर, शंभर माणसांत, आणि कुणाला पत्ता नाही.

मागांनी जॉबरचे कान नेले. कुणालनं घेऊन दिलेलं कानाचं मशीन डबीत होतं. ते शिट्टी मारतं, अशी त्यांची तक्रार. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं ते जे बोलतील ते गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं. म्हणून घरातल्या आतल्या गोष्टी ओठांवरच चालत. पाव्हणे कधी जाणार, आमटीत पाणी घालायचं का, कुणाच्या पोरीचं कुठं फिसकटलं. पोरं बोलायला शिकली तशी हे वाचायलाही शिकली.

या बोलण्याला एकच नियम होता. ज्यानं तोंड फिरवलं, त्यानं ऐकलंच नाही. अंजना भांडण नको असलं की चुलीकडं तोंड करायची. झालं, भांडण संपलं. सोपान बिचारे तिच्या पाठीकडं बघत ओठ हलवत राहायचे आणि मग जेवायला बसायचे. अंजनाला जाऊन सहा वर्षं झाली. आता तिच्या फोटोपुढं ते कधीकधी ओठ हलवताना दिसत. फोटो काही तोंड फिरवत नाही, म्हणून आम्रपालीच फिरवायची.

सकाळी क्लास सुरू झाला की जॉबर चहाचा कप घेऊन लेकीच्या मागं बसत. मोबाईलमधल्या मॅडमच्या तोंडाकडं टक लावून बघत आणि मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं भाषांतर करत.

“ती म्हनतीया, भाकरी करपली!”

“आप्पा, हळू! माझा आवाज सुरू हाय तिकडं.”

“भाकरी न्हाई व्हय? मंग काय म्हनली?”

“स्टेशन कुठं हाय म्हनली.”

“तिला कशाला पायजे स्टेशन? पुन्यात ऱ्हाती न्हवं?”

मॅडम तिकडं हसून हसून बेजार. त्यांनी जॉबरना ‘मस्य सोपान’ असं नाव ठेवलं होतं. तिकडं साहेबांना असं म्हणतात, हे कळल्यापासून ते क्लासला सदरा घालून बसायला लागले.

अडचण वेगळीच होती. परीक्षा एकदा देऊन झाली होती. वाचणं, लिहिणं, ऐकणं, सगळं उत्तम. बोलण्यात माती झाली. बोलण्याच्या दुसऱ्या भागात परीक्षक आपला मित्र होतो. आपण त्याला कशाचं तरी आमंत्रण द्यायचं, तो नाही-नाही म्हणत राहणार, आणि आपण दहा मिनिटं त्याला पटवत राहायचं. आम्रपालीनं डोंगर चढायला चल म्हटलं. परीक्षक बाई म्हणाल्या, मला नाही जमणार. आम्रपाली चांगल्या फ्रेंचमध्ये म्हणाली, “बरं.” आणि गप्प बसली. मग उरलेला वेळ दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

“अहो, नाही म्हटलं की थांबायचं नसतं,” मॅडमनी डोक्याला हात लावला. “तुम्ही घरी कधी हट्ट केला नाही का?”

केला नव्हता. त्या घरात तशी वेळच आली नव्हती, कारण जॉबरनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. मालकानं सुट्टीच्या दिवशी बोलावलं, बरं. पाव्हण्यानं सायकल नेली ती परत आणली नाही, बरं. आमूच्या लग्नाची घाई करू नका, तिचं तिला ठरवू द्या, असं अंजना शेवटच्या दुखण्यात म्हणाली, तेव्हाही ‘बरं’. आणि मागच्या वर्षी आमूनं कॅनडाचं काढलं, तेव्हा त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “बरं की.”

एवढंच. त्यानंतर घरात कॅनडाची थंडी, कॅनडाचे पगार, तिथली आपली माणसं, सगळ्यावर बोलून झालं. फक्त एका गोष्टीवर कुणी बोलत नव्हतं.

एकदा संध्याकाळी ती ताट वाढत होती. जॉबरनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. पहिलं अक्षर आम्रपालीनं वाचलं आणि ती पटकन गॅसकडं वळली. दूध ठेवलेलं होतं, पण त्याला वर यायला वेळ होता. ती तशीच त्या दुधाकडं बघत उभी राहिली. मागं वळली तेव्हा जॉबर जेवत होते.

दुसऱ्या परीक्षेची तारीख आली. फोनवर कुणाल म्हणाला, “न्हाई म्हनायला मानूस पायजे ना? आप्पांना बसव की समोर. रिकामंच असत्यात.”

म्हणून जॉबर समोर बसले. सदरा, डोक्याला टोपी.

“आप्पा, मी तुमाला तिकडच्या भाषेत बोलवनार. तुमी न्हाई म्हनायचं. आपल्या भाषेत म्हना, चालतंय.”

“बरं.”

आम्रपालीनं हात हलवून, चेहरा फुलवून त्यांना गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावलं.

“चल की!” जॉबर उठलेच.

“आप्पा! न्हाई म्हनायचं!”

“का म्हनू? येवडी जीव तोडून सांगतीयास.”

“परीक्षाच हाय ती!”

“कोन म्हनतंय न्हाई? पर माजं मन हुईत न्हाई.”

भिंतीपलीकडून बनुबाई म्हणाल्या, “आवं जॉबर, म्हना की येकदा न्हाई! मला म्हनत हुता की, गॅसची टाकी मागितली तवा.”

“तवा बी दिलीती की!”

“व्हय, दिलीती,” बनुबाई म्हणाल्या.

मग आम्रपालीनं त्यांना कारणं शिकवली. गुडघा दुखतो म्हणा. थंडी वाजते म्हणा. पाहुणे येणार आहेत म्हणा. जॉबरनी एकेक कारण मागाच्या सुट्या भागासारखं उलटंपालटं करून पाहिलं. चार दिवसांत त्यांचा हात बसला. गुडघ्याच्या जोरावर त्यांनी एक सिनेमा, एक पोहण्याचा तलाव आणि एक बर्फावरची घसरगुंडी धुडकावली. लेकीची जीभ सुटायला लागली. मॅडम म्हणाल्या, आता कसं! जॉबरही खूश होते. उभ्या जन्मात जेवढं नाही म्हटलं नसेल तेवढं ते त्या आठवड्यात म्हणाले.

परीक्षेच्या आदल्या रविवारी कुणाल साताऱ्याहून आला. येताना कंदी पेढे आणि खिशात मोजपट्टी. आमू गेली की आप्पांनी साताऱ्याला त्याच्याकडं राहायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. वडिलांची लोखंडी पेटी त्यानं मापून घेतली.

“हॉलमदी दिवान टाकतो आप्पा तुमाला. टीव्ही समोरच.”

“चालंल की.”

“पेटी काय दिवानाखाली जाईना. ती हितंच कुनाला तरी देऊन टाकू.”

“चालंल.”

“तितं लिफ्ट हाय. गच्चीवर बसायला बी लय मोकळं हाय. फकस्त जरा हळू बोलायचं, बिल्डिंगमदी मानसं कुरकुरत्यात.”

“बरं,” जॉबर एवढ्या मोठ्यानं म्हणाले की कुणालनं दार लोटून घेतलं.

दिवाण उभा की आडवा, यावर बहीण-भाऊ बराच वेळ बोलत राहिले. ज्याच्यासाठी दिवाण होता तो माणूस मोजपट्टीचं टोक धरून उभा होता. आम्रपालीनं मध्येच एकदा विचारलं, “आप्पांना करमंल न्हवं तितं?” ते तिनं कुणालला विचारलं. कुणाल म्हणाला, “बघू की, गेल्यावर हुईल सवय,” आणि पेढ्यांचा पुडा सोडला.

चारच्या गाडीनं तो गेला. आम्रपालीनं शेवटची तालीम काढली. मोबाईलवर दहा मिनिटं लावली. बनुबाई बाहेर मोरीवर भांडी घासत होत्या.

आज तळं होतं. तळ्यात होडी, सोबत डबा, आणि एका सुट्टीसाठी मित्राला घेऊन जायचं. आम्रपालीनं आमंत्रण दिलं.

“पान्याचं भ्या वाटतंय,” जॉबर म्हणाले.

ती फ्रेंचमध्ये म्हणाली, अंगात घालायला तरंगणारं जाकीट मिळतं.

“गुडगं.”

होडीत बसूनच तर जायचंय.

“थंडी लय आसंल तितं.”

मी स्वेटर आणते तुमच्यासाठी. ती आता थांबत नव्हती. हात, भुवया, खांदे, सगळं त्या भाषेत बोलत होतं. घशातला ‘र’ पाण्यासारखा वाहत होता.

जॉबरची शिकवलेली कारणं संपली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“घराला कुलूप कोन लावनार?”

हे शिकवलेलं नव्हतं. आम्रपाली क्षणभर अडखळली. मग म्हणाली, शेजारीण आहे.

“तुज्या आईचा फोटू कोन पुसनार?”

तिनं शब्द शोधला. सापडला नाही. फोटो बरोबर नेऊ, असं काहीतरी ती म्हणाली. होडीत फोटो कशाला नेतात, हे परीक्षकानं विचारलं असतं. जॉबरनी विचारलं नाही.

“कुनाल कामावर गेला की मी साताऱ्याला कुनाशी बोलू? तितं दुसऱ्या कुनाला व्हटावरचं येतंय?”

मोबाईलवरचे आकडे पळत होते.

जॉबरनी तिच्याकडं बघितलं, आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता. शेडच्या त्या टोकावरूनही कुणी वाचलं असतं इतके स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. गॅस तिच्या डाव्या हाताला होता. त्यावर दूधही होतं. नुसतं वळायचं होतं.

ती वळली नाही.

“आप्पा,” ती त्यांना दिसेल असं सावकाश म्हणाली, “परीक्षेत आवाज काढावा लागतोय.”

जॉबरनी भिंतीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. घसा खाकरला. चाळीला सगळं ऐकवणारा तो माणूस, पण एवढ्या मोठ्यानं कधी बोलला नसेल.

“नगं जाऊ, आमू.”

बाहेर मोरीवर बनुबाईंची घासणी थांबली.

आम्रपाली ‘बरं’ म्हणाली नाही. तिनं स्टूल पुढं ओढलं आणि खिडकीतला उजेड आपल्या ओठांवर येईल अशी, आप्पांच्या अगदी समोर बसली.