मी हळद लागलेली प्रत बोलतेय

मी हळद लागलेली प्रत बोलतेय. हळूच बोलते, कारण मोठा आवाज झाला की मी स्वतःच दचकते.

मी एक अर्ज आहे. "माझं नाव मतदारयादीत घाला आणि माझी मतपत्रिका मला इकडे पाठवा" असं परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकानं आपल्या जुन्या गावच्या कचेरीला कळवायचा अर्ज. छापली गेलेय इंग्रजीत, पण राहते तंजावरात, एका मराठी घरात. ऐकून ऐकून भाषा आली. मध्येच एखादा जुना शब्द आला किंवा तमिळ शब्द घुसला, तर तो दोष माझा नाही, घराचा आहे.

माझा जन्म बसस्टँडसमोर, शिवराजच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. मी गरमागरम बाहेर पडले आणि त्यानं मला उजेडात धरून बघितलं.

"हे काय मा, वर-खाली कोरी पट्टी राहिली," तो म्हणाला.

"कापली तर नाही ना गेली एखादी ओळ?" समोरची मुलगी काउंटरवर वाकली.

"ओळ नाही कापली. तिकडचा कागद बुटका, आपला उंच. म्हणून जागा उरली."

ती पट्टी लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्या पट्टीपासून सुरू झालं.

त्या मुलीचं नाव अखिला. वय तेवीस, संख्याशास्त्रात एम.एस्सी. दाराची बेल वाजली तरी ही जागच्या जागी उडते. तिचा जन्म अमेरिकेतला, तिचे वडील वरुणराव तिकडे नोकरीला होते तेव्हाचा. ती दोन वर्षांची असताना सगळे परत आले. येताना बाकी सामान आलं, पण नागरिकत्व तिकडचंच राहिलं. त्यामुळे इथल्या निवडणुकीच्या दिवशी अख्खं घर शाईचं बोट नाचवत परत येतं, आणि ही गॅसवर दूध बघत बसलेली असते.

"इथे मला मत नाही, आणि तिथे मी नाही," घरी येता येता ती आईला फोनवर सांगत होती. "कुठेतरी एकदा मोजलं जायला नको का, अम्मा?"

मागच्या खेपेला तिनं हाच अर्ज भरायला घेतला होता. शेवटी एक शपथ आहे: वरचं सगळं खरं आहे, खोटं असल्यास शिक्षा होईल. ते वाचून तिनं लॅपटॉप मिटला, दोन पेले पाणी प्यायली आणि निवडणूक होऊन जाईपर्यंत तो विषय काढला नाही.

या खेपेला ती नेटानं बसली. माझ्यात एक रकाना आहे, तिकडच्या शेवटच्या पत्त्याचा. तिथे फ्लॅटच्या नंबरावर गाडी अडली.

"टू-बी," तिची आई चंद्रमती स्वयंपाकघरातून म्हणाली. "नाही गे, टू-सी. खाली लाँड्री होती, भिंत सारखी थरथरायची."

"अम्मा, भिंत थरथरायची असं लिहू का? शपथ आहे खाली!"

शेवटी लहानपणच्या लसीकरणाच्या कार्डावर पत्ता सापडला. टू-डी होता. मग अखिलानं सही केली, तारीख घातली आणि फोनचा चार्जर शोधायला आत गेली.

तेवढ्यात ताता आले.

ताता म्हणजे तिचे आजोबा, बाळकृष्णराव. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेले. त्यांच्या मते कागद दोनच जातीचे: हळद लागलेले आणि परत येणारे. त्यांनी मला बघितलं, माझ्या डोक्यावरची कोरी पट्टी बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ हो, त्यांनीच पिळ्ळैयारसाठी जागा सोडलीय!"

पिळ्ळैयार म्हणजे गणपती. त्याच्या नावानं कागदाच्या माथ्यावर एक छोटीशी वळणदार खूण काढतात, ती सुळी. तिच्याशिवाय या गावात किराण्याची यादीसुद्धा सुरू होत नाही. तातांनी ती झोकात काढली. मग वाटीत हळद कालवून माझ्या चारही कोपऱ्यांना बोट लावलं. मला गुदगुल्या झाल्या, खोटं का बोलू. पण हळद पातळ होती. खालच्या कोपऱ्यातला थेंब ओघळत ओघळत थेट तारखेवर जाऊन बसला.

अखिला आली. तिनं घाईघाईनं फोनवर माझं स्कॅन काढलं. ॲपनं मला आपोआप काळी-पांढरी केली. पाठवायचं बटण ती नेहमी डोळे मिटून दाबते, तसंच दाबलं. डोळे उघडल्यावर तिला मी दिसले. पिवळी.

"ताता!"

"वाळेल गे," ताता म्हणाले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, फार सभ्य. सहीच्या तारखेवर डाग असल्यानं ती वाचता येत नाही. तसंच वर दोनच्या आकड्यासारखं काही दिसतं. हे दुसरं पान असल्यास कृपया पहिलंही पाठवावं. नवा अर्ज शुक्रवारी तिथल्या संध्याकाळी पाचच्या आत यावा, नाहीतर या निवडणुकीसाठी धरता येणार नाही.

अखिलाचा फोन रसमच्या पातेल्यात पडता पडता वाचला.

तिथले पाच म्हणजे इथले किती, हे तिनं तीनदा काढलं. तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. एम.एस्सी. झालेली मुलगी! म्हणून शुक्रवारी सकाळी दहालाच शिवराजकडून नवी प्रत आली. माझी धाकटी बहीण, गोरीपान. अखिलानं ती भरली, सही केली आणि छातीशी धरून बसली. समोर ताता, हातात वाटी.

"हात मागे घ्या, ताता."

"एक थेंब. घट्ट कालवलीय या वेळी."

"नको."

"तुझ्या बाबाचा व्हिसा कशानं आला? हळदीनं आला."

"मामंजी, तो चार वेळा परत आला होता," चंद्रमती म्हणाली.

"आणि पाचव्या वेळी हळद कुणी लावली?"

ताता झोपाळ्यावर जाऊन बसले. झोपाळा हलेना. त्यांच्या बोटावरची हळद वाळून तडकत होती.

अखिलानं स्कॅन काढलं. एकदम स्वच्छ. डोळे मिटले, बोट बटणावर नेलं आणि ते तिथेच राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला कारण ठाऊक होतं. हिनं जन्मात एकही उत्तरपत्रिका सुळी न काढता दिलेली नाही. ताता बोलून दाखवतात, ही गुपचूप पेन्सिलीनं काढते, एवढाच फरक.

तिनं डोळे उघडले आणि इकडेतिकडे बघितलं. टेबलाच्या कडेला मी होते, माझ्यावर डोशाची ताटली ठेवली होती. तिनं ताटली उचलली, मला उचललं (मी केवढी दचकले!) आणि तातांसमोर धरलं.

"हिला लावा. हवी तेवढी लावा."

"हिला? ही तर नापास झाली."

"म्हणूनच. तिच्या वाटची हळद हिला. बहीणच ना ती हिची? पोचेल."

तातांनी विचार केला. छत्तीस वर्षांच्या कारकुनीत असा अर्ज त्यांच्यापुढे आला नसावा. मग म्हणाले, "मूळ प्रत ही. मंजूर."

चारी कोपऱ्यांना त्यांनी पुन्हा बोट टेकलं, वर दुसरी सुळी काढली. शेवटचा कोपरा झाला आणि अखिलानं बटण दाबलं. डोळे उघडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: अर्ज मंजूर, नाव नोंदवलं, मतपत्रिका पाठवू. चंद्रमतीनं केसरी, म्हणजे केशर घातलेला गोड शिरा, केली. तातांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मतपत्रिका ईमेलनं आली. अखिलानं खोलीचं दार लावून मत दिलं.

"कुणाला गे?" दाराबाहेरून ताता.

"गुप्त असतं, ताता!"

"पहिलं अक्षर सांग फक्त."

मग पाकिटात पाकीट घालून टपाल. हळद अर्थातच माझ्या अंगावर. पोस्टातून अखिला परत आली आणि झोपाळ्याशी उभी राहून स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"तिकडे शाई लावत नाहीत का?" तातांनी विचारलं.

"नाही."

"असं कसं? कळणार कसं मग?" ते वाटी घेऊन आले. "दे, डावा हात."

तिच्या पहिल्या बोटावर, नखापासून खाली, त्यांनी हळदीची एक जाड रेघ ओढली. त्या दिवशी अखिलानं एकही भांडं घासलं नाही. संध्याकाळी दुधवाला आला, तर त्याच्याकडूनही दूध उजव्याच हातानं घेतलं, डावा उंच धरून.

महिन्याभरानं तिकडच्या कचेरीच्या वेबसाइटवर तिच्या नावापुढे दिसलं: मत मिळालं, मोजलं. तिनं ते तातांना चार वेळा वाचून दाखवलं.

मी आता देवघरात असते, समईपासून जरा लांब. ज्योत हलली की मला धडकी भरते. हळदीनं कडक झालेय, अप्पळमसारखी, म्हणजे तुमच्या पापडासारखी. मी कधी अमेरिकेला गेले नाही, जाणारही नाही. पण अर्ज दर वर्षी नव्यानं करावा लागतो असं त्या कचेरीनं कळवलंय, म्हणजे माझी नोकरी पक्की.

तुम्हीही कुठला महत्त्वाचा अर्ज भरणार असाल, तर एक प्रत जास्त काढा. घरातल्या मोठ्यांच्या हाती ती द्या आणि निर्धास्तपणे दुसरी पाठवा. आमचं काही म्हणणं नाही. फक्त हळदीत पाणी बेतानं घाला.