डॅशबोर्डवरचा लाल दिवा

माझं डोकं गरम आहे, जोगेश्वरीत कोणालाही विचारा. पंचवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. गिऱ्हाईक फार शहाणपणा करायला लागलं की पाना खाली ठेवतो आणि सांगतो, "मग तूच कर." पण त्या गुरुवारी मी भर रस्त्यात ऐकून घेतलं.

नंदकुमार माझ्याच गल्लीतला. त्याची बायको प्रेमा. तिला आठवड्यातून तीनदा अंधेरीला डायलिसिसला न्यावं लागतं. रिक्षाचे धक्के सोसवत नाहीत, म्हणून ही जुनी व्हॅन. आदल्या शनिवारी ती हायवेवरच बंद पडली, बॅटरी खलास. वहिनीचा नंबर हुकला, रात्री छातीत पाणी भरलं, दोन दिवस आयसीयूत काढले.

गुरुवारी अकराला परत नंबर होता. नऊलाच नंदकुमार धक्का मारून व्हॅन घेऊन आला, वहिनी मागे बसलेली. "तीन महिन्यांत दोन बॅटऱ्या टाकल्यास धोंडू! मारतोस काय रे हिला?"

जीव जळला माझा. पण दोन्ही वेळा मी नवी बॅटरी बसवली आणि हात झटकले, चार्जिंग बघितलंच नव्हतं. घाई त्याला होती, आळस माझा. त्याला म्हटलं, "जा, चहा पिऊन ये. डोक्यावर उभा राहू नकोस."

इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत, होते बाराच्याही खाली. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरतच नव्हता. पट्टा ताणलेला, वायरी घट्ट. जोरात रेस दिली तर आकडा एकदम चौदावर! बंद केली, माझी बॅटरी जोडून परत चालू केली, की पुन्हा बारा. च्यायला!

मग नुसती चावी फिरवली आणि डॅशबोर्ड बघितला. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लाल दिवा लागला नाही. पॅनल उघडलं तर बल्बच नाही. या जुन्या गाडीत त्या इवल्याशा बल्बमधून जाणारा करंट अल्टरनेटरला जागं करतो. तो नसला की कधी रेसने जागा होतो, कधी झोपूनच राहतो.

"कोणी काढला हा?" मी ओरडलो.

"यांनी," मागून वहिनी म्हणाली. "डायलिसिसच्या मशीनवर काही बिघडलं की असाच लाल दिवा लागतो. यांनी चावी फिरवली की समोर तोच, छातीत धस्स व्हायचं माझ्या. मी बोलले, आणि यांनी लगेच काढून टाकला." मग हळूच म्हणाली, "त्यानेच झालं का हो भाऊजी?"

"हो," म्हटलं.

ती हातावरच्या पट्टीकडे बघत राहिली. "यांना सांगू नका. शनिवारपासून झोपले नाहीत. हे कळलं तर खचतील."

"पण वहिनी, बल्ब लावावाच लागेल."

"लावा ना. मीच लावायला सांगितला म्हणेन. परत काढू देणार नाही."

बल्ब लावला, माझी भरलेली बॅटरीही गाडीतच राहू दिली. नंदकुमार आला. "काय होतं?"

"बॅटरी बसवताना माझ्याकडून कनेक्शन ढिलं राहिलं होतं."

त्याने माझी कॉलर धरली. "तुझ्या हलगर्जीपणापायी माझी बायको जात होती रे!" समोरचा पानवाला उठून बघायला लागला. आता धोंडू पाना उचलणार, असंच त्याला वाटलं असणार.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "उशीर होईल, निघ."

त्याने चावी फिरवली. लाल दिवा लागला. वहिनीने पुढची सीट घट्ट धरली, पण नजर हलवली नाही. इंजिन सुरू झालं, दिवा विझला, मीटरवर चौदा आले. गाडी गेली.

मी तसाच उभा राहिलो. कनेक्शनचं खोटं होतं. पण दोनातल्या एका वेळी जरी मी मीटर लावला असता, तर तो शनिवार आलाच नसता. चुकलं माझं, हे मी वहिनीसाठी बोललो नव्हतो.