अक्रोड गल्लीची साक्ष

पाडलेल्या घराचा पत्ता हवा असेल तर स्मारांदाबाईंना विचारा, असं बुखारेस्टमधली जुनी माणसं सांगायची. हे कानावर आलं की बाई चष्मा पुसायला घ्यायच्या. म्हणजे आवडलं. का आवडू नये? जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर नकाशावरून पुसलेल्या वस्तीचा भूगोल शिकवायला घेतला. टेकडीवरच्या गल्ल्यांचे दोनशेहून जास्त फोटो त्यांनी ओळखून दिले होते. प्रत्येकाखाली त्यांचं नाव होतं, कारण मंडळाचा रिवाजच तसा. फोटो कुणी काढला हे ठाऊक नसलं तरी चालेल, पण गल्ली कुणी ओळखली त्याचं नाव खाली आलंच पाहिजे. नाहीतर चुकलं तर लोकांनी भांडायला कुणाच्या दारात जायचं?

मंडळ म्हणजे ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी सकाळी जमणारी दहाबारा म्हातारी डोकी. पडदे ओढायचे, भिंतीवर जुने फोटो नि फिल्म्स पाहायच्या, आणि तिळाचे कोव्रिगी, म्हणजे गोल कडक पाव, चावत ‘ही कुठली गल्ली’ यावर हमरीतुमरीवर यायचं. टेकडीवरची सगळी वस्ती ऐंशीच्या दशकात जमीनदोस्त झाली होती. राज्य करणाऱ्याला महाल हवा होता. महाल उभा राहिला, माणसं शहराच्या कडेला सिमेंटच्या खुराड्यांत गेली. काही चर्चं मात्र वाचली. कुणा इंजिनियरने डोकं लढवलं, ती पायापासून कापून रुळांवर चढवली आणि ढकलत नेऊन नव्या इमारतींच्या मागे लपवली. साबणवाल्यांचं चर्च त्यातलंच एक.

मंडळाचे कायदे बाईंनी घालून दिले होते, आणि वर्गात घालावेत तसेच कडक. गल्लीचं नाव घ्यायचं तर चित्रातले दोन साक्षीदार हवेत. माणूस साक्षीदार धरायचा नाही, कारण माणसं चालतात, भिंती चालत नाहीत. आणि स्वतःच्या गल्लीबद्दल स्वतः तोंड उघडायचं नाही.

“का म्हणून?” पोम्पिलिउ पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “माझी गल्ली मला नाही कळणार तर कुणाला?”

“तुम्हाला दर गल्लीत तुमचीच गल्ली दिसेल,” बाई म्हणाल्या होत्या. “मलाही दिसते. म्हणूनच.”

हे पोम्पिलिउ म्हणजे ऑपेराच्या कोरसमध्ये मागच्या रांगेत आयुष्य काढलेले गृहस्थ. आवाज असा की ग्रंथालयातले लोक पुस्तकं सोडून दाराकडे बघत. त्यांचं नि बाईंचं कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून कधी करमलंही नाही. त्यांची तांबटांची गल्ली बाईंनीच शोधून दिली होती. तो फोटो मंडळात प्रसिद्ध होता. खालचा अर्धा भाग जळून काळा पडलेला, वर एका कुंपणाची टोकं, एक रस्त्यावरचा दिवा, आणि मागे उन्हात उजळलेली साबणवाल्यांच्या चर्चची गोल पाठ. बाईंनी तो एका बैठकीत सोडवला होता. चर्चची वेदी कायम पूर्वेला, आणि ही गोल भिंत वेदीचीच. म्हणजे फोटो काढणारा पूर्वेकडे उभा आहे. ऊनही पूर्वेचं, म्हणजे सकाळ. चर्चच्या पूर्वेच्या अंगाला भिडणारी गल्ली एकच, तांबटांची. झालं. टाळ्या पडल्या. पोम्पिलिउंनी तो फोटो मोठा करून जेवणाच्या टेबलावर लावला आणि ईस्टरला त्याच्यापुढे मेणबत्ती लावू लागले.

बाईंची स्वतःची अक्रोड गल्ली मात्र कुठल्याच फोटोत सापडली नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. गल्ली आखूड, उताराची, गरीब. तिचे फोटो कोण कशाला काढील? आणि ती पाडली गेली तेव्हा बाई तिथे नव्हत्याच. कॉलेज संपल्यावर सरकारने दूर तुल्चाला, नदीच्या मुखाशी नेमणूक दिली होती. परत आल्या तेव्हा आईवडील नवव्या मजल्यावर होते आणि अक्रोडांच्या जागी चिखल होता. आई त्या खोल्यांमध्ये फार जगली नाही.

आता शहराच्या संग्रहालयात टेकडीची भिंत उभी राहत होती. प्रत्येक गल्लीला एक चौकोन, चौकोनात तिचा फोटो. ज्या गल्लीचा फोटो नाही तिला करडा चौकोन आणि खाली ‘चित्र उपलब्ध नाही’. सोमवारी सगळं छपाईला जाणार होतं. अक्रोड गल्ली करडी जाणार, हे बाईंनी यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ते लिहिताना त्यांचं अक्षर जरासुद्धा हललं नाही, आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

त्या शनिवारी संग्रहालयाची कातिंका धावतपळत आली. चाळिशीची, हुशार, बाईंची जुनी विद्यार्थिनी. अजून बाईंसमोर बसताना परवानगी मागायची.

“बाई, एक रीळ मिळालंय. एका हौशी माणसाची मुलगी माळा आवरत होती. तुमचा तो तांबटांच्या गल्लीचा फोटो आहे ना, तो याच रिळातला तुकडा आहे. पुढची फिल्म शाबूत आहे.”

पोम्पिलिउ उभेच राहिले. “माझी गल्ली हलणार?”

“बसा, नाहीतर तुमचंच डोकं भिंतीवर हलेल,” सावू म्हणाला. सावू निवृत्त ट्रामवाला. थट्टा केल्याशिवाय त्याला घास गिळत नसे.

पडदे ओढले. भिंतीवर तोच फोटो आला, तसाच अर्धा काळा. मग काळोख सरकला, कॅमेरा खाली वळला आणि अख्खी गल्ली पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेली. दोन्हीकडे कुंपणं, कडेला हातपंप, आणि अक्रोडाची झाडं. एक बाई डोक्याला रुमाल बांधून, पाठमोरी, शेवटच्या झाडाच्या बुंध्याला चुना लावत होती. ईस्टरच्या आधी सगळेच लावतात तसा. उजव्या हातात कुंचला, डावा हात कमरेवर.

स्मारांदाबाईंनी खुर्चीची कड धरली. तो कमरेवरचा हात त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. पाठमोऱ्या आईला न ओळखणारी लेक अजून जन्माला यायची आहे. गल्लीचं नाव त्यांनी ओठांवरच धरून ठेवलं. माणूस साक्षीदार धरायचा नाही. स्वतःच्या गल्लीबद्दल तोंड उघडायचं नाही. दोन्ही कायदे कुणी केले?

आणि शिवाय हे कसं शक्य होतं? अक्रोड गल्लीच्या टोकाला चर्च नव्हतं. कधीच नव्हतं. टोकाला लाकडाची वखार होती. आपल्यालाही सगळीकडे आपलीच गल्ली दिसायला लागली, असं त्यांना वाटलं आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

तेवढ्यात भिंतीवरच्या गल्लीत दिवा लागला.

“अरे वा,” सावू म्हणाला, “त्या वीजटंचाईच्या दिवसांत रस्त्यावरचा दिवा लागायचा? याचाच फोटो काढला असेल त्याने.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. “कातिंका, मागे घे. दिवा विझलेला असतो तिथून लाव.”

कातिंकाने लावलं. दिवा विझलेला. दिवा लागला. मागे चर्चच्या गोल पाठीवर तांबूस ऊन.

“पुन्हा.”

पुन्हा लावलं. बाई उठून भिंतीजवळ गेल्या, वर्गात जात तशा.

“दिवा कधी लावतात?”

“संध्याकाळी,” कातिंका म्हणाली, आणि मग तिचा हात तोंडाशी गेला.

“संध्याकाळी ऊन कुठून येतं?”

संध्याकाळचं ऊन पश्चिमेचं, आणि ते वेदीच्या भिंतीवर पडलं होतं. वेदी पूर्वेला असेल तर तिच्यावर संध्याकाळचं ऊन पडूच शकत नाही.

“रीळ उलटं चढलं असेल,” पोम्पिलिउ घाईने म्हणाले. “सकाळी दिवा विझतोय, तो उलटा लागताना दिसतोय. सोपं आहे.”

बाईंनी बोट उचललं. “त्या झाडाकडे बघा. चुना वर चढतोय. रीळ उलटं असतं तर कुंचला फिरला की बुंधा काळा झाला असता. पांढरा होतोय.” त्यांनी बोट चर्चवर नेलं. “फिल्म सरळ आहे. संध्याकाळ आहे. चर्चच फिरलेलं आहे. नवीन जागेत नेताना त्याला वळवलं होतं, आज जाऊन बघा, वेदी पश्चिमेला आहे. आपण सगळ्यांनी ते नेहमी पाहिलंय आणि मी धरून चालले की चर्च हलेपर्यंत आजूबाजूला एकही गल्ली उरली नव्हती. भिंती चालत नाहीत असं तुम्हाला शिकवत बसले. या शहरात.”

मग त्या कातिंकाकडे वळल्या. “त्या फोटोखालून माझं नाव काढ. ही तांबटांची गल्ली नाही.”

दोनशे फोटोंत पहिल्यांदा. सावूने हातातला कोव्रिग खाली ठेवला. कातिंकाने पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही.

पोम्पिलिउंचा आवाज फार बारीक आला. त्यांच्या त्या छातीतून असा आवाज येतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. “मग कुठली आहे, बाई?”

“ते मी सांगणार नाही.”

“का?”

“कायदा आहे.”

तो कायदा कुणाला लागू होतो हे खोलीत सगळ्यांना कळत होतं. बाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या, पाठ ताठ, हात मांडीवर. बोलल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. पण मग बाकीच्या दोनशे फोटोंचं काय? ज्यांना ज्यांना त्यांनी नाही म्हटलं होतं, रडत गेलेल्या त्या म्हाताऱ्यांचं काय? दोन्ही गल्ल्या करड्या जातील. जाऊ देत.

पोम्पिलिउंनी भिंतीवरचा पंप पुन्हा पाहिला. मग उभे राहिले, आणि या वेळी सावू काही बोलला नाही.

“आमची गल्ली हिवाळ्यात पाडली,” ते म्हणाले. “आधी पाणी तोडलं, मग घरं. मग त्याच जागेवर रूळ टाकले. साबणवाल्यांचं चर्च आमच्या स्वयंपाकघरावरून गेलं. मी बर्फात उभा होतो, समोरच. इतकं हळू चाललं होतं की टोपी काढावी की नाही हेच कळेना. शेवटी काढली.” त्यांनी घसा साफ केला. “म्हणजे चर्च नव्या जागी पोचलं तेव्हा तांबटांची गल्ली नव्हतीच. हे मला माहीत होतं. तुमचा फोटो मिळाला आणि मी दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. घरात फोटो होता. कशाला बघू?”

“अहो, बसा आता,” बाई हळूच म्हणाल्या.

“बसतो कसला. मला बोलायला बंदी नाही. ही माझी गल्ली नाही, हे आताच सिद्ध झालं.” त्यांना जुना सूर सापडत होता. “त्या वसंतात त्या बाजूला एकच गल्ली उभी होती. वखार पाडून चर्च तिच्या टोकाशी आणून ठेवलं होतं. आमचं पाणी तोडल्यावर मी तिथूनच बादल्या भरायचो, गल्ली पडल्यावरही तिथल्याच एका म्हातारीसाठी भरत होतो. पंपाचा दांडा वाकलेला होता, डावीकडे. वरून दाबलं तर बोटं चेमटायची. कातिंका, पंप मोठा कर.”

कातिंकाने पंप मोठा केला. दांडा डावीकडे वाकलेला होता.

“चर्च एक, पंप दोन,” पोम्पिलिउ म्हणाले. “अक्रोड गल्ली. ही माझी साक्ष. आणि ही जी बाई चुना लावतेय ना, तिने मला झापलं होतं. म्हणे, गाढवा, बादली माझ्या चुन्यात ठेवू नकोस. मी म्हटलं, मावशी, आठवड्याने सगळं पाडणार आहेत, चुना कशाला? तर म्हणाली, पाडणाऱ्यांना मळकी गल्ली दाखवू?”

बाईंनी चष्मा काढला. या वेळी पुसायला नाही.

“ती माझी आई,” त्या म्हणाल्या. आता म्हणायला हरकत नव्हती. “तशीच होती ती.” आणि त्या रडल्या, आणि रडताना त्यांची मान इतकी उंच होती की सावू नंतर म्हणाला, राणीच्या राज्याभिषेकालाही माणूस असा बसत नसेल.

भिंतीचं उद्घाटन छपाईनंतरच्या रविवारी झालं. गर्दी बरीच होती. अक्रोड गल्लीच्या चौकोनात पायऱ्या, पंप, दिवा, आणि पांढरेशुभ्र बुंधे. खाली लिहिलं होतं, ‘ओळख पटवली: पोम्पिलिउ’. बाईंनी ते दोनदा वाचलं. इतर कितीतरी चौकोनांखाली स्वतःचं नाव होतं, तिथे त्या थांबल्याही नाहीत.

मग त्या त्यांना शोधायला निघाल्या. पोम्पिलिउ तांबटांच्या करड्या चौकोनापुढे उभे होते, ऑपेराचा जुना काळा कोट आणि टाय घालून. चौकोनाखाली ‘चित्र उपलब्ध नाही’ असं नव्हतं. रीळ पाहिलं त्या शनिवारीच दुपारी बाईंनी ती ओळ खोडायला लावली होती आणि दुसरी सांगितली होती: ‘या गल्लीवरून चर्च गेलं.’ त्याखाली साक्ष पोम्पिलिउंची, आणि ओळख पटवणारीचं नाव स्मारांदाबाईंचं.

सगळी गर्दी दुसरे फोटो सोडून तिथेच जमली होती, कारण पोम्पिलिउ सांगत होते, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. इथे दार. इथे आईची चूल. इथून रूळ.

“आणि टोपी?” बाईंनी मागून विचारलं. “टोपी कुठे काढली?”

त्यांनी वळून पाहिलं, आणि करड्या चौकोनाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

“इथे, बाई. या जागी.”

“दोन साक्षीदार?”

“एक मी,” पोम्पिलिउ म्हणाले. “दुसरं अजून उभं आहे. चला, दाखवतो, वेदी पश्चिमेला आहे त्याची.”

बाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघं गर्दीतून वाट काढत बाहेर पडली.