दहापैकी दहा

हायस्कूलच्या कॅडेट वर्गात मुलाचे नाव घालायचे, तर पहिल्या दिवशी आईवडिलांनाही बाकांवर बसावे लागे. बाके नववीच्या मुलांच्या मापाची. भिंगरीचे बाबा बस चालवत, अंगाने चांगले भरदार. ते एकदा आत अडकले ते सभा संपेपर्यंत हलले नाहीत. आई मांडीवर पिशवी आणि पिशवीवर हात ठेवून ताठ बसली होती.

कवायत मास्तरांनी नियमांचा कागद वाचायला घेतला. लष्करातून निवृत्त झालेला वाळका माणूस, पण आवाज असा की मुलांनी त्यांचे नाव 'करवत' ठेवले होते. दर बुधवारी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत वर्दी. केस नीट कापलेले, मुलींचे घट्ट बांधलेले. एकाही विषयात नापास व्हायचे नाही. वर्षाला वीस तास गावाचे काहीतरी काम. मोठ्यांशी बोलताना हात खिशात नाहीत. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि शेवटचा नियम," मास्तर म्हणाले. "वर्दी धुणं, इस्त्री करणं, बुटांना पॉलिश, तुटलेलं बटण, सगळं ज्याचं त्यानं. आईनं हात लावायचा नाही, बाबांनी नाही, आणि आजीनं तर मुळीच नाही. दर बुधवारी प्रत्येकानं हिरव्या वहीत लिहायचं, 'सगळं मी स्वतः केलं', आणि खाली सही. सही खोटी निघाली तर पोर त्याच दिवशी वर्गाबाहेर. पुन्हा प्रवेश नाही. हात लावणार नाही म्हणून पालकांनीही इथं सही करायची."

"म्हणजे आमच्या घरात सुट्टी कोणाला, ते ठरलं," बाबा कुजबुजले. मागच्या बाकावरच्या दोन आया फिदीफिदी हसल्या.

आईने सही केली, पूर्ण नावाने. त्याआधी मनात देवाचे नाव घेतले. ती प्रत्येक सहीआधी घेत असे, गॅसच्या सिलिंडरच्या पावतीवर करतानासुद्धा.

आता गंमत अशी की आई गेली बावीस वर्षे इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. तिच्या टेबलावरून गेलेल्या कोटाची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे. "ताईंच्या हातचा कोट घातला की रोगी अर्धा तिथंच बरा होतो," असे एक म्हातारे डॉक्टर म्हणायचे. आणि अशा बाईच्या लेकीने इस्त्री केलेल्या पँटला एकेका पायावर दोन दोन घड्या.

"रूळ टाकलेस बघ," बाबा म्हणायचे. "आता फक्त गाडी यायची राहिली."

"आई, बघ ना हे काय म्हणतात!"

"आधी शिवणीवर शिवण धर."

"धरली."

"अगं बाई, ती शिवण नव्हे, ती खिशाची कड!"

तोंडाने सांगायला नियमात बंदी नव्हती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगायची आणि हात पाठीमागे बांधून ठेवायची. मोकळे सोडले तर ते आपल्या आपण निघतील, याची तिला खात्री होती. वर्दीला भिंगरीला दहापैकी कधी सहा मिळत, कधी साडेसहा, एकदा तर पाचच. बाकी कवायतीत, धावण्यात, हुकूम देण्यात पोरगी खणखणीत होती. घोडे अडायचे ते या इस्त्रीपाशी.

वर्षाच्या मध्यावर तुकडीनायकाची निवड ठरली, बुधवारी. नेमकी मंगळवारी बीजगणिताची परीक्षा. भिंगरीने दमून भागून कशीबशी इस्त्री केली, वर्दी दाराच्या खुंटीला अडकवली आणि जेवून झोपली.

आई रोजच्यासारखी पहाटे उठली. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, नेमाचे वाचन केले, माळ ओढली. मन कसे निवळशंख झाले होते. उठताना समोरच्या खुंटीवरच्या शर्टाकडे नजर गेली. डाव्या बाहीवर एक चुणी. एवढीशीच. आईला वाटले, एवढी काढली तर काय बिघडले? तिने इस्त्री तापवली, दोन बोटांनी पाणी शिंपडले. डावी बाही झाली तर उजवी पोरकी दिसायला लागली. दोन्ही बाह्या झाल्यावर कॉलरने काय पाप केले होते? आणि मग पँट. बावीस वर्षांची सवय. डोके विचारात पडेपर्यंत हात मोकळे झालेले असत. इतक्या प्रसन्न मनाने तिने आयुष्यात दुसरी कुठली चूक केली नव्हती.

"आई! आई, इकडे ये ना! बघ!"

भिंगरी आरशासमोर उभी होती. एकच घडी, सुरीच्या पात्यासारखी.

"जमलं गं मला! काल एवढी छान दिसत नव्हती, रात्रभर टांगल्यावर बसली वाटतं. आई, जमलं!" आणि तिने आईच्या गळ्यात उडीच मारली.

खरे काय ते आईच्या ओठांवर आले होते. पण तोंडातून निघाले ते एवढेच, "अगं अगं, चुरगळेल ना!"

संध्याकाळी पोरगी घरी आली ती दारातूनच ओरडत. दहापैकी दहा! एकूण बेरजेत दीड गुणाने पहिली! खांद्यावर तुकडीनायकाची लाल फीत, ती तिने शाळेतच स्वतः टाचली होती. आणि करवतीने सगळ्यांना सांगितले होते की पुढच्या बुधवारी हीच चाळीस कॅडेटना इस्त्री करून दाखवेल.

बाबांनी तिला खाडकन सलाम ठोकला. आई म्हणाली, "हात धुऊन घे, जेवायला वाढते."

तो आठवडा आईने कसा काढला, तिचे तिलाच ठाऊक. माळ हातात घेतली की मणी पुढे सरकायचे नाहीत. मी खोटे कुठे बोलले, असे ती देवाला विचारायची. मी नुसती गप्प राहिले. देव काही बोलायचा नाही, आणि तो बोलत नाही म्हणूनच तिला पळवाट सापडत नव्हती. सही आठवायची. तिची स्वतःची, पूर्ण नावाची, आणि पोरीची, हिरव्या वहीतली. पोरीला कळले तर ती जाऊन सांगणार, आणि सांगितले तर वर्गाबाहेर. आणि नाही सांगितले, तर बुधवारी चाळीस जणांसमोर त्याच रुळांची जोडी निघणार.

सोमवारी सहाच्या सुमारास ती कामावरून परतली, तर जिन्यातच जळका वास. घरात टेबलावर बाबांचा निळा शर्ट, त्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा. बाजूला अभ्रे, रुमाल, दोन पँटी, सगळे वेडेवाकडे दाबलेले. भिंगरी खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन रडत होती.

"मला जमतच नाहीये. चार दिवस करतेय मी. एकदासुद्धा तशी आली नाही! त्या दिवशी कशी झाली मग? माझ्या हातांना काहीतरी झालंय, आई. परवा सगळ्यांसमोर काय करू मी?"

आईने चार दिवस मनात वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही आठवेना. तिने पिशवी खाली ठेवली, इस्त्रीचे बटण बंद केले आणि म्हणाली, "त्या दिवशी ती तू केलेली नव्हतीस. पहाटे मी केली."

भिंगरीने मान वर केली. आईला वाटले, आता ओरडेल. आता म्हणेल, तू माझी आईच नव्हेस.

"म्हणजे..." पोरीने आपले दोन्ही हात समोर धरून उलटेसुलटे पाहिले. "म्हणजे माझे हात ठीक आहेत?"

"ठीकच आहेत गं."

"मला वेडबिड नाही लागलं?"

"नाही गं राजा."

"अगं मग आधी नाही का सांगायचंस! मी रोज विचार करतेय, की मी त्या दिवशी झोपेत काय केलं!" आणि ती एकदम हसायला लागली. नाक वाहतेय, डोळ्यांत पाणी, आणि पोरगी हसतेय. तिला हसताना बघून आईला मात्र रडू फुटले.

हसता हसता भिंगरी थांबली. "पण आई, वहीत मी सही केलीय."

"हो."

"खोटी झाली ती."

"हो. माझ्यामुळे."

बाबा आले. त्यांनी आधी शर्ट पाहिला, मग दोघींचे चेहरे, आणि शर्टाबद्दल बोलायचे नाही एवढे त्यांना समजले. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "हे बघा, बुधवारी पोटात दुखतंय म्हणून घरी राहायचं. गुरुवारी कोण विचारतंय?"

"बाबा, तुम्ही लाल सिग्नलला बस थांबवता की नाही?"

"थांबवतो."

"कोणी बघत नसलं तरी?"

"बस भरलेली असली तर."

"बाबा!"

"थांबवतो गं बाई, थांबवतो! जा, काय करायचंय ते कर."

मंगळवारी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "बोलणार मी," भिंगरीने वाटेत बजावले. "तू फक्त उभी राहा."

मास्तरांच्या खोलीत बुटांच्या पॉलिशचा वास भरला होता. भिंतीला लागून हिरव्या वह्यांची चवड. भिंगरी टेबलासमोर टाचा जुळवून उभी राहिली आणि एका दमात सगळे सांगून मोकळी झाली. कसलाही बहाणा नाही, आईवर ढकलणे नाही. आईला तो सपाट, स्वच्छ आवाज ऐकून वाटले, ही कोणाची मुलगी?

करवतीने काहीच कापले नाही. वही काढली, पान उघडले. मग विचारले, "तुला हे कळलं कधी?"

"काल संध्याकाळी, मास्तर. सहा वाजता."

"आत्ता किती वाजले?"

"पावणेआठ."

"मधे झोप लागली?"

"नाही, मास्तर."

"तुम्हाला, बाई?"

"मला तर सहा दिवस नाही," आई म्हणाली. बोलायचे नाही हे ती विसरूनच गेली.

मास्तरांनी पेन उघडून भिंगरीपुढे ठेवले. "नियम खोट्या सहीचा आहे. खोटं ठाऊक असताना केलेली सही. तुला ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर पहिली घंटा व्हायच्या आत तू इथं आलीस. वर्गात राहशील. पण वहीतलं वाक्य खोटंच आहे. ते खोड, आणि खरं लिही."

भिंगरीने एक सरळ रेघ मारून वाक्य खोडले. खाली लिहिले, 'इस्त्री आईने केली. मला माहीत नव्हते.' आणि सही.

"त्या दिवसाचे वर्दीचे गुण शून्य. बेरीज खाली येते, म्हणजे फीत दुसऱ्या नंबरला जाईल. पुढच्या सत्रात पुन्हा निवड आहे, तेव्हा बघू. उतरव."

टेबलाच्या कप्प्यातून त्यांनी लहान कात्री काढून दिली. पोरीने वर्दीचा शर्ट पिशवीतून आणलाच होता. ती टाके उसवायला बसली. तिने ती फीत अशी काही घट्ट टाचली होती की कात्रीचे टोक आत शिरेना. एक टाका तुटला, दुसरा कापडात रुतला. आईला बघवेना. ती नकळत पुढे झाली, बोटे शर्टापर्यंत पोचलीच होती.

"बाई," मास्तर म्हणाले, "हात."

आईने हात असे मागे घेतले, जणू तापल्या इस्त्रीला लागले होते. भिंगरी खाली मान घालून खुदकन हसली. मास्तरांच्या मिशीतही काहीतरी हलले.

"सही तुम्हीही केली होती, आणि तुमची मोडलीत. पालकांना काढून टाकायची सोय माझ्याकडे नाही, नाहीतर निम्मी शाळा रिकामी झाली असती." त्यांनी तारखांचा कागद ओढून घेतला. "इस्पितळात इस्त्रीला आहात ना? उद्या दुपारी दोन वाजता चाळीस पोरांना शिकवायला या. नुसतं तोंडानं. एकाही कपड्याला हात लावलात तर मी तुम्हाला पटांगणाला फेरी मारायला लावीन."

"येईन," आई म्हणाली. मग भीत भीत विचारले, "मास्तर, म्हणजे हिचं नाव... ते राहिलं ना नक्की?"

"मघाशी सांगितलं ना, राहिलं."

"नाही, आपलं पुन्हा एकदा ऐकावंसं वाटलं."

घंटा झाली. फीत टेबलावर ठेवून भिंगरीने सलाम केला. बाहेर येताच तिने आईच्या दंडाला घट्ट विळखा घातला, तिच्या खांद्यावर क्षणभर डोके टेकवले आणि पळाली. जिन्यावरून तिचे बूट धडधडत वर गेले. पळू नका, असे कोणीतरी वरून ओरडले.

आई मात्र तिथेच पायरीवर बसली. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत पोचला होता. झाडणारी बाई केरसुणी थांबवून जवळ आली.

"काय हो, चक्कर आली का?"

"नाही हो. सगळं ठीक झालंय म्हणून बसलेय."

"अशी बसायची वेळ आमच्यावर कधी येत नाही बाई," ती म्हणाली आणि न विचारता पाण्याचा पेला घेऊन आली.

आईने तो एका दमात संपवला आणि पेला पुढे करून म्हणाली, "आणखी एक द्याल?"