दर्यातला पांढरा चौक

मित्रांनो, मोखाड्याच्या डोंगरात पोशेऱ्याला हेमराजच्या घरी आलात, तर कुडाच्या भिंतीवर विळ्याशेजारी एक निळा, मोठ्या काचेचा चष्मा लटकलेला दिसेल. तो मी. मी एक जुना मास्क आहे, पाण्याखाली बघायचा. माझा पट्टा दोनदा तुटला आणि सायकलच्या ट्यूबने जोडला गेला. कडेच्या मऊ रबराला आता चिरा पडल्यात. इथे समुद्र नाही, त्यामुळे मी कुणाच्या उपयोगाचा नाही. कधीतरी एखादी कोंबडी उडी मारून माझ्याकडे बघते, तेवढीच माझी विचारपूस.

पण माझेही दिवस होते! कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच अशी लख्ख होती की दुकानदार मला हातात घेऊन गिऱ्हाइकांना मिरवून दाखवी. तिथून मी मालवणकडच्या एका होडीवर गेलो. किनाऱ्यापासून थोडं आत समुद्राचा एक तुकडा सरकारने राखीव ठेवला आहे. तिथे जाळं टाकायचं नाही, काही उचलायचं नाही, फक्त बघायचं. पाहुण्यांना मला घालून पाण्यावर पालथं तरंगत ठेवत. एक मात्र सांगतो, काचेवर वाफ धरू नये म्हणून प्रत्येक वेळी माझ्यात थुंकून चोळायची रीत होती. पहिल्या दिवशी मला भारी अपमान वाटला. पुढे सवय झाली.

हेमराज धक्क्याच्या बांधकामावर मजुरीला आला होता. काम संपलं, सोबतची माणसं गावी गेली, हा मात्र होडीवर राहिला. नदीच्या डोहात पोहून वाढलेला गडी, समुद्राला तो भ्यायला नाही. त्याने मला डोळ्यांवर चढवलं तो दिवस मला आठवतो. खाली पोवळ्यांची वस्ती होती. काही पोवळी हिरवट, काही मधासारखी पिवळी, काही जांभळट. त्यांच्या फटींतून पट्टेरी मासे ये-जा करत होते. पोपटमासा पोवळं कुरतडत होता, आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यातही ऐकू येत होता. हेमराजने वर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा खाली डोकं घातलं. त्या दिवशी होडी चालवणाऱ्या तांडेलाने हाका मारून मारून त्याला बाहेर काढलं.

तेव्हापासून तो पाहुण्यांना एकच गोष्ट बजावी. "साहेब, पाय नका टेकवू. यो दगड नाय, जित्ता हाय." काही ऐकत. काही हसून त्यावरच उभे राहत आणि फोटो काढत. पायाखाली पोवळं मोडलं की हेमराजचं तोंड उतरे. तुकडा पुन्हा जोडता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

त्याची आई सुकरी पोशेऱ्यात होती. तिच्या हाताला पंचक्रोशीत मान. त्यांच्याकडे लग्नाआधी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकटीतलं चित्र, लिहितात. तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. बांबूची काडी घेऊन सुकरी भिंतीसमोर बसली की बायका गाणी म्हणत आणि झाडं, पाखरं, माणसं भराभर उमटत. पण तिच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. जव्हारला डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेलीही किती टिकेल सांगवत नाही. आता तिला बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं.

हेमराजने मनाशी धरलं, आयची नजर आहे तोवर तिला समुद्राच्या पोटातले रंग दाखवायचे. फोनवर तो तिला रोज ते सांगे. सुकरी म्हणे, "रं पोसा, जलमभर एक पांढराच रंग हाती धरला मी. तुझं ते हिरवं-जांभळं येकदा बघू दे."

ती यायची ठरली, त्याच उन्हाळ्यात समुद्र तापला. आधी पोवळ्यांचे रंग फिके झाले, मग एकेक पोवळं पांढरं पडत गेलं. मित्रांनो, पोवळ्याच्या अंगात बारीक जीव राहतात. त्यांच्यामुळे त्याला रंग असतो, आणि तेच त्याला भरवतात. पाणी फार तापलं की ते निघून जातात. मग पोवळं पांढरंफटक पडतं आणि उपाशी तग धरून राहतं. पाणी वेळेवर निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. हेमराज रोज मला घालून रंगाचा एखादा तुकडा शोधत फिरे. तांडेलाने आईला आत्ता आणू नको म्हणून सांगितलं, "फुडल्या वर्सा हाड आवशीक." हेमराज म्हणाला, "पुढल्या वर्षी आयला दिसंल का?"

सुकरी आली. लुगड्यावर लाइफ जॅकेट चढवून, गळ्यातली पोत सावरत होडीत बसली. हेमराजने सवयीने माझ्यात थुंकून चोळलं, तशी ती खवळली. "आयच्या डोळ्यांना थुंकी लावतोस? लाज नाय तुला?" सगळी होडी हसली. हेमराज हसला नाही. त्याने मला तिच्या डोळ्यांवर चढवून पट्टा आवळला. त्याने रंगांचं वचन दिलं होतं आणि खाली एकही रंग उरला नव्हता.

तोंडात धरून श्वास घ्यायची नळी तिला जमेना. श्वास धरून तिने रबरी टायरवरून तोंड पाण्यात बुडवलं. मी तिच्या डोळ्यांना लागून होतो. ते डोळे माझ्या काचेमागे हळूहळू फिरले. बांबूच्या नळीएवढ्या नजरेने तिने एकेक फांदी धरली, सोडली, पुढची धरली. खाली सगळं पांढरं. मधून दोन-चार मासे तेवढे गेले.

ती वर आली तेव्हा तिचं तोंड उजळलं होतं.

"आरं, यो तर लगनाचा चौक हाय!" ती ओरडली. "रंग-रंग सांगून फसवलंस रं मला! आपलाच चौक हाय हा. यवढा मोठा कोण्ही लिहला? कोणाचं लगीन हाय दर्यात?"

तांडेल बोलायला गेला, "आये, तां पांढरां पडलां म्हणजे—"

हेमराजने त्याचं मनगट धरलं. मग आईकडे बघून म्हणाला, "दर्याच्याच घरचं लगीन हाय, आय. बघ आजून. पोटभर बघ."

ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिला किनाऱ्यावर पोचवून हेमराज मला घालून एकटाच खाली उतरला. माझ्यात पाणी साचू लागलं. ते नाकाने फुंकून बाहेर काढायची युक्ती तो प्रत्येक पाहुण्याला शिकवी. त्याने फुंकलं नाही. ते पाणी आतूनच आलं होतं.

पाणी निववणारा पाऊस यायला उशीर झाला. थोडी पोवळी सावरली, बाकीच्यांवर करडं शेवाळ चढलं. हेमराज गावी परतला आणि मला घेऊन आला. तोवर सुकरीची नजर पुरती गेली होती.

यंदा हेमराजची पुतणी हर्षाली हिचं लग्न निघालं. चौक लिहायला बायका जमल्या. सुकरी भिंतीला हात लावून सांगत बसली, "हितं झाडावाणी फांद्या काढा. हितं ताटायेवढं फूल. मधून मासं सोडा. दर्यात मी पायलंय, तसं लिहा." बायकांनी लिहिलं. गेरूच्या भिंतीवर ती सगळी वस्ती पांढरी उभी राहिली. बघायला साखरशेत गावाहून माणसं आली, सगळ्यांनी नावाजलं. सुकरीने हेमराजला हाक मारली. "तू रोज बघायचास. सांग, तसाच उतरलाय ना?"

हेमराजने भिंतीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा रडणार. पण तो म्हणाला, "तसाच हाय, आय. जसाच्या तसा." आणि मांडवाबाहेर निघून गेला.

मित्रांनो, तुम्ही कधीतरी त्या राखीव समुद्रात उतराल. पाय टेकवू नका, काही तोडू नका, आणि पाणी का तापतंय ते मोठ्यांना विचारल्याशिवाय राहू नका. पोशेऱ्यालाही या, चौक बघा, सुकरीला सुंदर आहे म्हणा. तो रंग लग्नाचा नव्हता, हे तिला सांगू नका. पण तुम्ही ते विसरू नका.