चपला काढणारा चोर

मी एक जुना खलनायक आहे. उंचीनं वीतभर, अंगानं शिवणीच्या लाकडाचा आणि मानेनं जरा डावीकडे कललेला. सध्या कुरखेड्याजवळच्या एका गावातल्या शाळेत, चित्रकलेच्या कपाटात, खडूच्या डब्याशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, घाबरू नका. मी आयुष्यात एकदाच चोरी केली, तीही बाहुल्यांच्या पाच मिनिटांच्या सिनेमात, आणि तीही अनवाणी पायांनी.

माझं नाव वाकडोजी. मला लटारूभाऊंनी घडवलं. लटारूभाऊ म्हणजे गावचे सुतार. पण दिवाळी झाली, भाताची कापणी उरकली आणि आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे मंडप पडू लागले, की ते रंधा खुंटीला टांगायचे आणि मिशा लावायचे. तीस वर्षं त्यांनी खलनायकच रंगवला. त्यामुळे मला घडवताना त्यांनी जेवढा जीव लावला, तेवढा माझ्याबरोबरच्या हिरोला काही लावला नाही. हिरो गुलाबी गालांचा होता, सरळ नाकाचा होता, आणि खरं सांगू का, अगदी मठ्ठ होता. हे मी मत्सरानं बोलत नाही. थोड्याशा मत्सरानं बोलतो.

माझ्या मानेशी लाकडात गाठ निघाली, म्हणून मान सरळ बसेना. आठवीतली चंचल शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "भाऊ, दुसरं लाकूड घ्या ना."

"राहू दे वो बाई," लटारूभाऊ म्हणाले. "वाकड्या मानेचा माणूस काईतरी आयकून राह्यला असं वाटते. लोक त्याच्याकडंच पाहतात."

मग त्यांनी माझे पाय कोरले. पाचही बोटं, नखांसकट. आणि त्या पायांत सायकलच्या ट्यूबच्या रबराच्या चपला घातल्या, काढता-घालता येतील अशा.

"चपलेच्या आतली बोटं काऊन कोरून राह्यले? कोणाले दिसतीन?"

"मले दिसतात ना," असं म्हणून त्यांनी फुंकर मारली आणि माझ्या अंगावरचा भुसा उडवला. ती फुंकर मला अजून आठवते.

माझी गोष्ट लिहिली होती चंचलनं. आमच्याकडे भाताला पाणी मिळतं ते गावच्या बोडीतून. बोडी म्हणजे लहानसा तलाव. पाणी कमी असलं की शेताशेताची बारी लागते. एका वर्षी चंचलच्या बाबांची बारी कुणीतरी गुपचूप उडवली. पऱ्हे पिवळे पडले, म्हणजे भाताची रोपं हो. बाबा हातात फावडं घेऊन बोडीच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, बराच वेळ उभे राहिले आणि मग तसेच घरी आले. चंचलनं ते पाहिलं होतं. बाबांनी पाळ फोडली नाही. पण फोडली असती, तर गाव त्यांना चोरच म्हणालं असतं ना? हा प्रश्न त्या पोरीच्या डोक्यातून जाईना. त्यातून मी जन्मलो. वाकडोजी पाणचोर, बोडीची पाळ फोडून सगळं पाणी आपल्या शेतात वळवणारा. पण चोर होण्याआधी त्याचीही बारी तीनदा बुडालेली. चंचलला एवढंच हवं होतं, की सिनेमा पाहणाऱ्याला कळावं, हा माणूस आईच्या पोटातून चोर म्हणून आलेला नाही.

शाळेतल्या गुणवंत सरांना ही गोष्ट आवडली आणि त्यांनी ती मुलांच्या सिनेमा स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. मग चित्रकलेच्या वर्गात काळ्या मातीचं गाव उभं राहिलं. निळ्या प्लास्टिकची बोडी झाली. बाहुल्यांचा सिनेमा कसा करतात ठाऊक आहे का? चंचलनं मला तिळभर हलवायचं, तिच्या वर्गातल्या प्रणितनं मोबाइलवर फोटो काढायचा. पुन्हा तिळभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद सरतो. कुणी शिंकलं, की माझी मिशी हलायची आणि मागचे चार फोटो वाया जायचे. त्या दिवसांत कुणाला सर्दी झाली, तर प्रणित त्याला वर्गाबाहेर बसवायचा.

माझ्या कारणाचा प्रसंग काढायला त्यांना अकरा दिवस लागले. त्यात मी शेतात उकिडवा बसतो, वाळलेला पऱ्हा उपटतो, हातात धरतो आणि बघत राहतो. दीड मिनिटाचा प्रसंग. माझ्या आयुष्यातलं ते सर्वात चांगलं काम. तुम्ही ते पाहिलेलं नाही, आणि आता पाहणारही नाही.

त्यानंतर आली चोरी. चंचलच्या वहीत लिहिलं होतं, 'वाकडोजी पाळीवर चढतो.' एवढंच. तिनं मला पाळीपाशी आणलं. आमच्या खऱ्या बोडीच्या पाळीवर, टोकाला, एक शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं गावातलं कुणीही चपला घालून चढत नाही. लहान पोरं धावत आली तरी खाली चपला भिरकावूनच वर जातात. चंचलनं मातीच्या पाळीवरही तसाच एक खडा शेंदूर लावून ठेवला होता. मग काय, मला वर चढवण्याआधी तिनं माझी एक चप्पल काढली, तिळतिळ सरकवत. मग दुसरी. दोन्ही जोडीनं लावून ठेवल्या आणि मग मी अनवाणी वर गेलो, पाणी चोरायला. प्रणित फोटो काढत होता. चंचलला त्यात काही वेगळं वाटलं नाही, त्यालाही नाही. चोर चोरीला निघाला आहे, हे दोघंही विसरून गेले होते.

सिनेमा जोडून झाला, तेव्हा तो सहा मिनिटं एकोणचाळीस सेकंदांचा भरला. स्पर्धेचा नियम पाच मिनिटांचा. पाठवायचा शेवटचा दिवस उद्यावर आलेला. गुणवंत सर सकाळपासून शाळेच्या कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसले होते. हिरोचं गाणं काढता येईना, शेवटची लढाई काढता येईना. दुपारी त्यांनी माझा दीड मिनिटाचा प्रसंग काढून टाकला.

चंचलचं तोंड एवढंसं झालं. "सर, मग तो चोरी काऊन करते, हे कसं समजन?"

"चोर आहे म्हणून करतो, असं समजतील," सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. थकले होते. "अजून नऊ सेकंद जास्त होऊन राह्यले. हे चपलांचं काय आहे? नेमके नऊ सेकंद. काढून टाकू."

"नाई सर."

"अगं, चोर चपला काढून चोरीले जाते काय?"

"पाळीवर चपला घालून कोण जाते, सर?" चंचलनं अगदी मनापासून विचारलं. "एक तर त्याचं सगळंच काढलं तुमी. एवढं तरी राहू द्या त्याले."

मी टेबलावर आडवा पडलो होतो. लाकडाच्या छातीत काळीज नसतं म्हणतात. त्या क्षणी मला तसं वाटलं नाही.

लटारूभाऊ माझा आवाज द्यायला आले होते. त्यांचं गडगडाटी हसणं भरायचं होतं. सरांनी त्यांनाच पंच केलं. "तुम्ही सांगा भाऊ. तीस वर्षं हेच काम केलं तुम्ही."

लटारूभाऊंनी चपलांचा तुकडा दोनदा पाहिला. मग म्हणाले, "सर, मी स्टेजवर कितीक हिरो लोळवले, कितीक झोपड्या जाळल्या. एकही डायलॉग कोणाच्या ध्यानात नाई. फकस्त ब्रह्मपुरीकडं एका गावात झोपडी जाळाले निंगालो, आन् खरोखरची कोंबडी स्टेजवर आली. नाटकात नव्हती थे. म्या वाकून तिले आधी झोपडीबाहेर हाकललं, मंग काडी लावली. पब्लिकनं टाळ्यांचा पाऊस पाडला. आजही तिथचे लोक मले कोंबडीवाला म्हणतात." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याले कोंबडी भेटली हाय. काढू नका."

कॉम्प्युटरवर सरांनी सिनेमा शेवटपर्यंत सरकवला. तिथं काळ्या पाटीवर त्यांचं नाव होतं, 'मार्गदर्शक', मोठ्या अक्षरांत, दहा सेकंद. ती पाटी त्यांनी काढून टाकली आणि चष्मा पुसत म्हणाले, "झाले पाच मिनिटं. एक सेकंद शिल्लकच उरला." त्या दिवसापासून सरांबद्दलचा माझा सगळा राग गेला. लटारूभाऊंनीही चपला काढतानाच्या जागी हसायचं रद्द केलं. तिथं फक्त जरासं खाकरले.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, 'खलनायक अपुरा वाटतो. तो चोरी का करतो, हे समजत नाही.' खरं तेच लिहिलं होतं. माझ्यात जे व्हायचं होतं ते पुरतं झालंच नाही, हे मी कधी नाकारलं नाही. चंचलनं तो कागद चार घड्या घालून दप्तरात ठेवला. घरी जाऊन निदान तो प्रसंग तरी बघावा, म्हणून तिनं प्रणितला फोटो मागितले. पण तोवर त्याच्या घरच्यांनी बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवायला मोबाइल रिकामा केला होता. शाळेच्या कॉम्प्युटरवरही कापलेला सिनेमाच उरला होता. अकरा दिवस गेले ते गेलेच.

पण खरी गोष्ट तर पुढंच आहे.

महिनाभरानं शाळेनं गावातल्या सगळ्या पोरांना सिनेमा दाखवला. दुपारची वेळ, खिडक्यांना चादरी लावलेल्या, आणि मी सरांच्या हातात, पाहुण्यासारखा. सिनेमा संपल्यावर सरांनी विचारलं, "कोण आवडलं?" हिरोचं नाव ऐकायला मी मन घट्ट करून बसलो होतो.

"चपलावाला!" पोरं एकदम ओरडली. कुणी मान वाकडी केली, कुणी खाकरलं.

"अरे, पण तो तर चोर होता," सर म्हणाले.

दुसरीतली उर्वशी उभी राहिली. समोरचे दोन दात पडलेले. "तो चोर नाई होता, सर. चोर चपला काढते काय? त्याचं धान वाळलं असन. त्याले कोणी पाणी देल्लं नसन. म्हून गेला बिचारा."

"असं सिनेमात कुठी दाखवलं?"

"नाई दाखवलं," उर्वशी म्हणाली. "पण मले दिसलं ना."

चंचल भिंतीला टेकून उभी होती. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि त्याच वेळी हसलीही. मीही हसलो असतो, पण माझं तोंड कोरीव आहे.

त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. हिरोला नंतर विज्ञान प्रदर्शनात ट्रॅक्टरवर बसवलं, तिथून तो हरवला. मी कपाटात राहिलो. रंग उडाला, मिशीला कसर लागली, आणि कधीतरी कपाट झाडताना माझी डावी चप्पल केरात गेली. एका चपलेच्या चोराला कोण विचारतो? दोन-तीन वर्षं मला कुणी बाहेर काढलं नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात चंचल आली. ती आता ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकते. तिनं मला उचललं, फुंकर मारली, अगदी लटारूभाऊंसारखी, आणि माझ्या पायाकडे पाहून म्हणाली, "अरे, तुही चप्पल कुठी गेली रे?" मग सायकलवाल्याकडून ट्यूबचा तुकडा आणून तिनं नवी चप्पल कापली. ती जुनीपेक्षा थोडी मोठी झाली आहे. चालताना फटक फटक वाजेल, असं वाटतं. मला चालते. जाताना तिनं एका मास्तरणीला सांगितलं, की बोडीवर पोहायला जाणारी लहान पोरं अजून मान वाकडी करून, खाकरून, मगच चपला काढतात. त्यातल्या निम्म्यांनी सिनेमा पाहिलेलासुद्धा नाही.

तर मित्रांनो, कपाटात मी सुखात आहे. माझं एकच मागणं आहे. शाळेच्या कपाटात, घरच्या फळीवर एखादी जुनी बाहुली असेल, तर तिला अधूनमधून बाहेर काढा, धूळ फुंका, आणि तिची वस्तू तिच्यापाशी जोडीनं ठेवा. आणि कधी तुम्ही स्वतः गोष्ट रचलीत, तर तिच्यातल्या वाईट माणसाला त्याचं कारण द्या. कारण द्यायला वेळ उरला नाही, तर निदान काढता येतील अशा चपला तरी द्या. बाकीचं उर्वशी बघून घेईल.