शेजारच्या सीटचं वजन

सुनेच्या गाडीनं आपली कंबर धरली, हे काटासाहेबांनी कुणाला सांगितलं नाही. सुनेला ते कळलं गरम पाण्याच्या पिशवीवरून. सकाळी त्यांची खोली आवरताना ती पिशवी उशीखाली सापडली, आणि आदल्या दिवशी ते जिना एकेक पायरी थांबून का चढत होते, ते तिच्या ध्यानात आलं.

काटासाहेब म्हणजे तिचे सासरे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासण्यात उभा जन्म गेला, म्हणून बाजारानं हे नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतरही ते अंगाला चिकटून राहिलं. अजूनही भाजीची पिशवी घरात आली की ते ती हातात तोलून बघत आणि काही न बोलता खाली ठेवत. कमी भरली असेल तर जरा जोरात ठेवत.

गाडी सुनेची. लग्नाआधी, स्वतःच्या कमाईतून, जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं स्प्रिंगा कापून ती खाली बसवली होती. अंगणात ती पोट टेकून बसलेल्या मांजरासारखी दिसे, आणि सुनेचा जीव होता तो त्या दिसण्यावर. तिचा नवरा चिडवायचा, की ही काही बसायची गाडी नव्हे, ही अंगात घालायची गाडी आहे, पाय आधी की डोकं आधी ते ठरवून घ्यावं लागतं.

त्या गाडीतून ती सासऱ्यांना एकदाच घेऊन गेली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शुश्रूषागृह होतं, तिथं त्यांचे थोरले भाऊ असत. दर गुरुवारी काटासाहेब त्यांना भेटायला जात. वाटेत एका गतिरोधकावर गाडी अशी आपटली, की तिचे स्वतःचेच दात वाजले. पुढच्या गुरुवारी सासरे चपला घालता घालता म्हणाले, "बसच बरी. माझ्यापायी तुझा उगीच खोळंबा नको."

बस बदलावी लागे. दुसरी बस कधी मिळे, कधी न मिळे. दुपारचं औषध घेतलं की थोरल्यांचा डोळा लागायचा तो संध्याकाळपर्यंत. बरेचदा काटासाहेब पोचायचे तेव्हा भाऊ झोपलेला असायचा. मग ते खाटेशेजारी बसून राहायचे आणि परत यायचे. घरी कुणी विचारलं, तर "झाली की भेट" म्हणायचे. कुणाची कुणाशी, ते कुणी विचारत नसे.

नवरा म्हणाला, एवढंच आहे तर गाडी उचलून पहिल्यासारखी करून टाक. सुनेनं मान हलवली. गाडी आवडती होती हे एक. पण त्याहून मोठी अडचण सासऱ्यांचीच होती. कुणी आपल्यासाठी काही केलं असं कळलं, की ते त्या गोष्टीला हातच लावत नसत. त्यांच्यासाठी आणलेली आरामखुर्ची अजून कपडे वाळत घालायच्या कामाला येत होती.

म्हणून ती एकटीच गॅरेजात गेली. मेस्त्री उतारवयाचे, कमी बोलणारे. त्यांनी गाडीखाली बॅटरी मारली, थोडा वेळ आतच राहिले आणि बाहेर येऊन सांगितलं, की स्प्रिंग कापली पण धक्के झेलणारे शॉकअप तेच जुने ठेवलेत, त्यामुळे त्यांना दबायला जागाच उरली नाही. प्रत्येक खड्ड्यात गाडी थेट हाडावर बसते. उंची कमीजास्त करता येईल असा स्प्रिंग-शॉकअपचा जोड घाला, गाडी खाली राहील आणि माणूसही शाबूत राहील. चाकंही बदलणार असाल तर ती मात्र विचार करून घ्या.

चाकं भिंतीवर टांगलेली होती. तिची नजर सरळ मोठ्या चाकांवर गेली. बारीक आऱ्यांची, काळपट चकाकीची, वर पातळसा टायर. खाली धाकटी चाकं होती, साधी राखाडी, टायर जाड. तिनं मोठ्यांकडे बोट दाखवलं.

तिनं दाखवलेल्या चाकाकडे मेस्त्रींनी पाहिलंही नाही. "आधी सांगा, गाडीत कोण कोण बसतं?"

"मी."

"आणि शेजारी?"

तिनं बोट खाली घेतलं. मग म्हणाली, "सासरे."

मेस्त्रींना हे पुरलं. रिकाम्या गाडीवर उंची लावली की माणसं बसल्यावर टायर मडगार्डला घासतो, म्हणाले. शेजारच्या सीटवर त्यांच्या वजनाची वाळूची पोती ठेवू. वजन तेवढं विचारून या.

रात्रीच्या जेवणात तिनं विचारलं. सासऱ्यांनी घास हातातच धरला. कशाला, म्हणाले. तिनं पोत्यांचं सांगितलं, नाहीच कळलं तर सत्तर किलोच्या आसपास असतील तरी चालतील असं मेस्त्री म्हणाले, तेही सांगितलं. तिच्या मनात तेव्हा खरोखर काही डाव नव्हता.

"आसपास म्हणजे किती?" काटासाहेबांनी विचारलं.

"असेल एखादा किलो इकडेतिकडे."

"कोण मोजतं ती पोती?"

"मोजत नसतील बाबा. वर पेनानं लिहिलेलं असतं."

त्यांनी घास ताटात ठेवला. नवऱ्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. शेवटी काटासाहेब म्हणाले, "पोती राहू देत. मी येतो."

गॅरेजात जायच्या दिवशी ते वेळेच्या आधीच तयार होते. तिथं पोत्यांपाशी जाऊन त्यांनी एक दाबून पाहिलं आणि मेस्त्रींना हळूच सांगितलं, की वाळू ओली आहे, वजन रोज बदलत असणार. मेस्त्री म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं." कुणी बोलावलं नव्हतं, पण काटासाहेबांना ते पटलं. चष्मा, किल्ल्या, पाकीट असं सगळं खिशात आहे ना ते बघून ते सीटवर ताठ बसले.

स्प्रिंग-शॉकअपचा नवा जोड बसला होता. मेस्त्रींनी आधी मोठी चाकं चढवली, मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासला आणि एक चक्कर मारून या म्हणाले. सून हळू निघाली. गाडी आता आपटत नव्हती, पण रस्त्यावरचा खडान् खडा कळत होता. पहिल्या गतिरोधकाआधीच सासऱ्यांचा हात दारावरच्या धरायच्या कडीकडे गेला. परतल्यावर पाहिलं तर खडू पुसला गेला होता आणि टायरवर पांढरा पट्टा उमटला होता. मेस्त्री म्हणाले, मोठीच हवी असतील तर गाडी आणखी उचलू आणि मडगार्डची कड आत वळवून देऊ. शेवटी मर्जी तुमची.

मग धाकटी चाकं चढली. उंची मेस्त्रींनी एक बोटभर वाढवली, नवा खडू फासला. तोच रस्ता. या खेपेला सुनेचं लक्ष रस्त्यावर अर्धं आणि सासऱ्यांच्या हातावर अर्धं. गतिरोधक आला. हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला. गाडी वर जाऊन मऊ खाली आली. दुसऱ्या गतिरोधकाला हात गुडघ्यावरच होता, आणि सासरे खिडकीतून एका दुकानाची पाटी वाचत होते.

खडू जसाच्या तसा राहिला होता.

"हीच राहू देत," सून म्हणाली. मोठी चाकं परत भिंतीवर गेली, तेव्हा तिनं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ते सासऱ्यांनी टिपलं.

घरी येताना म्हणाले, "ती आधीची दिसायला बरी होती."

"होती."

"मग?"

"त्या वजनाला ती नाही चालली."

काटासाहेबांनी समोरच बघत मान डोलावली. ज्या माणसानं जन्मभर खोटी वजनं पकडली, त्यानं हे एक मात्र जाऊ दिलं.

गुरुवारी ती किल्ली घेऊन बाहेर आली. विचारायचं कसं, हे तिला सकाळपासून सुचलं नव्हतं. सासरे गाडीपाशी उभे होते, हातात फळांची पिशवी.

"ही धरून जरा जास्त भरेन," ते म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल, बाबा."

शुश्रूषागृहात थोरले उशांना टेकून बसले होते. दुपारच्या गोळ्या अजून वाटीतच होत्या. भावाला दारात बघून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा भावाकडे.

"आज बस लवकर मिळाली वाटतं."

"बसनं नाही आलो," काटासाहेब खुर्ची ओढत म्हणाले. "सूनबाईच्या गाडीत वजन कमी पडत होतं."

थोरल्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझं पुरलं?" त्यांनी विचारलं, आणि पिशवीतलं फळ सोलायला घेतलं.